वर्गणी

खोक्यात जायच्या आधी
टॉवेलांच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या होत्या.
जुनी चिठ्ठी : बावन्न कुना.
नवी : सहा युरो नव्वद.
राजेशाम इराबत्तींनी चष्मा कपाळावर सारला,
"पैशे का बदलले ओ त्यांनी?"

म्हटलं, काका, क्रोएशिया युनियनमध्ये गेलाय.
जाऊन दहा वर्षं होत आली,
पैसे आत्ता बदलले.

त्यांचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला.
आमच्या अक्कलकोट रोडला युनियन म्हणजे
पत्र्याची खोली, लाल कापड, पावतीपुस्तक,
आणि बोनसच्या महिन्यात
रात्रभर जळणारा एक पिवळा बल्ब.
"अख्खा देश मेंबर?"
अख्खा.
"वर्गणी किती?"
मी एक्स्पोर्टची कागदं करते, तरी हे मला माहीत नव्हतं.
"संप करता येतो का? तसं नाय, नुसतं इचारूलालोय."
एक मोठा देश राजीनामा देऊन बाहेर पडला, मी सांगितलं.
काका खूश झाले. का, ते कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर नकाशा काढला.
कोयत्यासारखा वाकलेला देश,
एका अंगाला सगळा समुद्र.
माणसं चाळीस लाखांच्या आत,
आपल्या जिल्ह्यात त्याहून जास्त.
तरी त्यांना स्वतःचा पंतप्रधान, स्वतःची संसद,
वर युनियनच्या सभागृहात बारा खुर्च्या.
काकांनी बोटांवर जिल्ह्याचे आमदार मोजले,
तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
अकराला थांबले आणि भाकरी मोडली.

"पोट कशावर त्यांचं?"
पाहुण्यांवर. उन्हाळ्यात जग येतं पोहायला.
हॉटेलं भरतात,
म्हणून तर आपली ऑर्डर,
पाचशे ग्रॅमचा, पांढरा शुभ्र,
माणशी दोन, रोज धुतलेले.

यावर कुणी काही बोललं नाही.
आज नळाचा चौथा दिवस होता.
उद्या पहाटे तीनला पाणी,
आलं तर.
बेचाळीस वर्षं टॉवेल विणणारा हा माणूस
अंग पुसतो जुन्या धोतराच्या तुकड्यानं.
तो लवकर वाळतो म्हणे.

मग जकातीचा विषय निघाला.
कराचीच्या टॉवेलला तिथं माफ, आपल्याला नऊ टक्क्यांच्या वर.
मला वाटलं काका चिडतील.
"त्यांची युनियन, ती ठरवणार," ते म्हणाले,
"आपल्याकडं नाय व्हय असली?"
आहे की. आठ देशांची.
पण वर्षानुवर्षं बैठकच नाही.
काकांनी गंभीरपणे विचारलं,
"कोरम भरंना का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड आणलं.
वडिलांचं, बंद पडलेल्या मिलमधलं.
दर महिन्याला एक शिक्का,
जांभळा, जांभळा, फिकट जांभळा,
मग नऊ कोरे चौकोन.

"काल तू म्हनलीस,
त्यांच्या जुन्या नोटा बँक अजून बदलून देते."
हो काका.
"मग हे?"

सतरा नंबरचं खोकं बंद करायचं होतं.
मी टेप ओढला,
तो नेहमीसारखाच किंचाळला.
काकांनी कार्ड परत पिशवीत घातलं,
पिशवी खिशात,
आणि खोक्याला खालून हात दिला.