बर्बीर

शनिवारी सकाळी साडेसातला
गुदैबियातल्या बंद पडलेल्या टेलरच्या दुकानासमोर
पांढरी व्हॅन थांबते.
तिच्या पोटात बुदैयाची शेतं असतात:
रात्रीच्या पाण्यानं अजून ओले मुळे,
माती न पुसलेले कांदे,
आणि एकसारखं दिसणं न जमलेले टोमॅटो.

माझा नंबर एकोणतीस.
नाव विचारत नाहीत.
वही घेऊन बसलेली मासूमा, कॉलेजातली पोर,
एवढंच विचारते, घरात माणसं किती?
तीन, म्हणते मी.
त्यातलं एक माझ्या ओढणीला धरून असतं,
आणि एक दोन गल्ल्या पलीकडे,
गाड्या धुतात त्या दुकानाशी, फोनमध्ये डोकं घालून.
मुनाफला पिशवी उचलायला चालते.
घेताना दिसायला चालत नाही.

सित्र्याच्या कंपनीनं पाच महिने पगार दिला नाही,
सहाव्या महिन्यात दाराला कुलूप दिलं.
त्याआधी आम्हीही देणारेच होतो की!
गावच्या मशिदीला पंखे,
नणंदेला फ्रिज,
रमजानात खालच्या वॉचमनला रोज एक डबा, वर दोन केळी.
देताना तळवा खाली असतो, घेताना वर.
फरक म्हणाल तर एवढाच.
पण तेवढं मनगट फिरवायला
मला तीन शनिवार लागले.

एप्रिल संपत आला होता.
टोमॅटो कमी झाले होते, काकड्या कडू निघत होत्या.
त्या दिवशी प्रत्येक पेटीच्या तळाशी एक जुडी होती,
लाल देठांची, गुबगुबीत बारीक पानांची.
बाया ती उलटीपालटी करून
मुकाट्यानं टेबलावर परत ठेवत होत्या.
गवत दिलंय, कुणीतरी हिंदीत पुटपुटलं.
मासूमा कानापर्यंत लाल झाली.
बर्बीर, ती म्हणाली, बर्बीर आहे हो,
माझी आजी खाते.

मी पान तोडून जिभेवर ठेवलं.
आंबट. किंचित चिकट.
घोळ!
इतक्या मोठ्यानं म्हटलं असेन
की जुवेरियानं ओढणी सोडली.
आमच्या न्हाणीमागं, सांडपाण्यावर,
कुणी न लावता माजायची ही.
आई सुका जवळा घालून करायची,
आणि दारात पाहुणा दिसला
की भांड्यावर झाकण टाकायची.

मासूमानं विचारलं, कशी करायची?
जवळ्याला माझ्याकडे अरबी नव्हतं.
मी करंगळीचं नख दाखवलं,
बोट वाकवलं, उन्हात वाळवलं.
व्हॅनच्या पायरीवर चहा पीत बसलेले हज्जी मकी,
ज्यांचं ते शेत,
दाढीतून हसले: रुबियान!
मागून चौतीस नंबरची सुदानी बाई पुढं घुसली,
रिजला, रिजला, म्हणत,
मसुरीबरोबर कशी शिजते ते हातवारे करत सांगू लागली,
आणि माझं तिला, तिचं मला
काही न कळता
आम्ही चांगल्या पाच मिनिटं भांडलो
लसूण आधी की नंतर.

टेबलावरच्या परत आलेल्या जुड्या
एकेक करून उचलल्या गेल्या.
मला चार मिळाल्या.
चार मागितल्या मी. तोंडानं मागितल्या.

घरी येताना जिन्यात मुनाफनं पिशवीत डोकावलं.
घोळ? तो म्हणाला.
कितीतरी दिवसांनी त्यानं काहीतरी विचारलं
ज्यात वकील नव्हता, व्हिसा नव्हता.
मग म्हणाला, जवळा नसेल ना आपल्याकडे.
नव्हता.
कांद्यावरच परतली. त्यानं दोनदा घेतली.

खालची देठं टाकवली नाहीत.
रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचून
बाल्कनीत ठेवलीत, जिथं एसीचं पाणी ठिबकतं.
धरतील. ही जात मरत नाही
असं आई म्हणायची, कौतुकानं नव्हे.

पगाराचं अजून काही नाही.
कोर्टाची तारीख पुन्हा पुढं गेली.

काल शनिवार होता.
मी नंबर घेऊन वळून पाहिलं.
मुनाफ एक गल्ली अलीकडे उभा होता.