देणे बाकी

तिकीट पन्नास रुपये, मुलांना अर्धं,
मामांना माफ. खिडकीतल्या पोरानं
त्यांच्या माकडटोपीकडे बघून ठरवलं.
मेळ्याच्या मैदानात, पाळण्यांच्या मागे,
जिथं पूर्वी सर्कस उतरायची,
तिथं यंदा जपानी कंदिलांचा उत्सव.
बर्फ थर्माकोलचा होता.
थंडी मात्र ग्वाल्हेरची, पौषातली,
न विचारता घरात शिरणारी.

आम्ही नऊजण.
सरोज भदौरियाच्या पिशवीत थर्मास, मुरैन्याची गजक,
शेजारी तिच्या सासूबाई, गुडघ्यांच्या तक्रारींसकट.
शहनाज ड्यूटी संपवून थेट आलेली,
हातांना अजून स्पिरिटचा वास.
चार मुलं, मोजली की तीनच भरायची.
आणि त्र्यंबकमामा,
"कागदात दिवा, त्यात बघायचं काय" म्हणत
ज्यांनी सगळ्यांआधी बूट घातले होते.

दौलतगंजात दुकान होतं मामांचं:
गॅसबत्त्या भाड्याने मिळतील.
पहिल्याच कंदिलाखाली थांबून
त्यांनी वाकून आत बघितलं,
डॉक्टर घशात बघतो तसं.
"मेंटल कुठंय?"
"एलईडी आहे अंकल," स्वयंसेवक म्हणाला.
"तरीच. आवाज नाही याला."

उजेडाला आवाज असायचा, हे केतकीला
मला काही समजावता येईना.
मामांनी दातांच्या फटीतून काढून दाखवला:
सूंऽऽऽ
मग चारही मुलं सूं करत सुटली,
आणि लाल-पिवळ्या कंदिलांखालून
एक वरात निघाली, नवरदेवावाचून.

साडेआठला धुकं उतरलं.
आधी कागदावरचे करकोचे गेले,
मग बांबू. किल्ला तर केव्हाच पुसलेला.
राहिले हवेत टेकलेले उजेडाचे डाग.
"पचास रुपये में कोहरा," सरोजच्या सासूबाई म्हणाल्या,
"वो तो हमारी छत पर मुफ़्त है."
पण हलल्या नाहीत बराच वेळ.

शेवटी एक टेबल. मागे एक जपानी बाई,
नाकाचा शेंडा लाल,
अंगावर इथंच कुठंतरी घेतलेली चौकड्यांची शाल.
इच्छा लिहा, म्हणे, कंदिलाला लावू.
मुलांनी लिहिलं: सायकल. कुत्रा. अजून एक कुत्रा.
चौथ्यानं हातानं झाकून ठेवलं.
शहनाजनं लिहिली आठ तास झोप.
मी ब्रश धरून इतकी उभी राहिले
की शाईचा थेंब पडला. तोच दिला.

मामांनी चष्मा पुसला.
पावतीपुस्तकाच्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलं:
किशनलाल. देणे बाकी रु. ६.
बाईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला,
मान लववली,
आणि सायकल व कुत्र्याच्या मधे लावला.

टेम्पोत, कुणी न विचारता, ते बोलले.
एकोणऐंशी साल, मुरारची वरात, असंच धुकं.
"डोक्यावर बत्ती घेऊन पुढे चालायचा किशनलाल.
आठ हंगाम माझ्याकडे होता.
बत्ती डोक्यावर असली
की सगळ्यांची तोंडं उजळतात,
धरणाऱ्याचं अंधारात.
त्या रात्री मजुरी न घेताच गेला.
सकाळी बत्ती पायरीवर होती. विझवलेली, काच पुसलेली.
पुन्हा आला नाही."
टेम्पो खड्ड्यात आदळला. गजकेचा डबा सरोजनं सावरला.
"शोधला नाहीत?" शहनाजनं विचारलं.
"कसा शोधणार?
तोंडच आठवेना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा घरात नव्हते.
दहा वाजता आले, टोपी खिशात,
कान गारठून जांभळे.
पुरं तिकीट काढलं होतं या वेळी.
काय बघितलंत, म्हणून विचारलं,
तर बूट काढता काढता म्हणाले,
"कंदील जरा तिरका लटकवला होता त्यांनी.
सरळ करून आलो."