लिंबाचा डाग

सिडकोतल्या घरात, मोरीपासून तिसऱ्या फरशीवर
बंद्या रुपयाएवढा पांढरा डाग आहे.
मी सात वर्षांची. मिसळीवर पिळताना लिंबू निसटलं.
"पूस लगेच," अप्पा ओरडले, "दगड खातंय ते!"
शहाबादी त्यांनी स्वतः बसवलेली,
लेव्हल पाहून, रबरी हातोडीने ठोकत.
मी पुसलं नाही. पालथी पडून बघत राहिले:
डागाच्या कडेला बुडबुडे,
मुंगीने उसासा टाकावा इतके बारीक.

नाशिक सगळं काळ्या कातळावर.
पांडवलेण्यांपासून रामशेजपर्यंत
कुठेही पहार मारा, बेसाल्ट.
समुद्र इथे औषधालाही नाही.
तो ट्रकने आला, वाडीहून,
पेंढ्यात उभा रचलेला,
द्वारकेच्या वखारीत उतरला
आणि चौरस फुटाच्या भावाने घरोघर गेला.
त्याच्यावर आम्ही भांडी घासली.

आता त्याच दगडाचा काप करते मी,
केसाहून पातळ. उजेड आरपार जातो.
आत दाणे, आणि दाण्यांमधले सांधे.
दाण्यांचं काय ऐकायचं,
ते कुठून कुठून लोळत आलेले.
सांधा मात्र जागच्या जागी भरला.
पाणी खेळतं होतं, आणि दाण्याला धरून
चुन्याच्या सुया उगवत गेल्या, पाण्याची चव आत कोंडून घेत.
सिमेंटच म्हणतो आम्ही त्याला.
अप्पा हसले. "म्हणजे दर्याने पण पॉइंटिंग केलं होतं तर."

तेव्हा शिंपला नव्हता. हाड नव्हतं.
मेल्यावर मागे काही ठेवील असं
कुणी जन्मालाच आलं नव्हतं.
साक्षीला हा एवढाच.

आणि साक्षीदार फितूर होतात.
इलेक्ट्रॉनांच्या झोतात काही सांधे
नारिंगी पेटतात, पळसासारखे.
पहिलं वर्षभर मी त्यांच्याच मागे होते.
ते नंतरचे निघाले:
दगड उघड्यावर आल्यावर मुरलेलं गोडं पाणी,
जुनं विरघळवून स्वतःचं लिहून गेलेलं.
समुद्राचा सांधा पेटत नाही.
काळा राहतो, शेजारचा लखलखत असताना.
मला तो हवा.

डॉक्टर कासलीवालांनी मोडीत काढलेलं
दात कोरायचं ड्रिल आहे माझ्याकडे.
श्वास रोखून कोरते. मोहरीच्या सालाएवढी पूड,
वर आम्लाचा थेंब,
आणि पुन्हा तेच,
मुंगीचे उसासे.
ते बाटलीत धरून पुण्याला पाठवायचे.
मशीनला तीन महिन्यांची रांग.
जड ऑक्सिजन किती, हलका किती,
यावर सगळा हिशोब.
नद्या कसली जमीन झिजवून आणत होत्या
ते स्ट्रॉन्शियमला विचारायचं, वेगळ्या रांगेत.

आकडा आला. उणे आठ पूर्णांक दोन.
एकतर तो समुद्र कढत होता.
एकतर त्याचं पाणीच निराळं होतं.
नाहीतर माझ्या काळ्या सांध्यानेही
मधल्या कोट्यवधी वर्षांत कधीतरी
गुपचूप जबाब बदलला.
तिन्ही वाक्यं मी अहवालात लिहिली.
पहिल्याच्या आधी "बहुधा" घातलं, खोडलं,
रात्री उशिरा पुन्हा घातलं.

भाऊ म्हणतो, या दिवाळीला टाइल्स टाकू,
चकाचक, डाग पडायची बात नाही.
अप्पा काहीच बोलत नाहीत.
उकिडवं बसून चाळीस वर्षं काढली,
गुडघ्यांत आता हाड हाडाला लागतं.
खुर्चीत असतात, मोरीकडे तोंड करून.

"किती गरम होता गं मग," त्यांनी विचारलं.
मी सांगू लागले, आकडा, चूक किती धरायची, तीन शक्यता.
त्यांनी स्लीपर काढली,
तळवा डागावर ठेवला,
बराच वेळ ठेवला.
"मला तर," म्हणाले, "गारच लागतोय."