सदतीस मिनिटं

रोसामेलनं घर हलवायचं ठरवलं
तेव्हा टेकडी विकून झाली होती.
घेणारा सान्तियागोचा. त्याला समुद्र दिसायला हवा होता
आणि मध्ये घर नको होतं.

आमच्या बेटावर घर पाडत नाहीत, हलवतात.
खाली ओंडके घालायचे, बैल जुंपायचे,
आणि चाळीस माणसं दोराला.
याला आम्ही मिंगा म्हणतो. सावडच ती,
फक्त पिकाऐवजी भिंती, छप्पर,
आणि चुलीवरच्या किटलीतलं अजून कोमट पाणी.
हिशेब कोणी लिहीत नसे.
माझ्या आजोबांचं घर ओढायला कोण आलं नव्हतं
हे मात्र आई मरेपर्यंत सांगायची.

रोसामेल दारोदार फिरला. बारा जोड्या सांगितल्या.
मेंढरू कापलं, सफरचंदाची दारू काढली.
रविवारी आल्या तीन जोड्या,
त्यातला एक बैल लंगडा.
बाकीचे आम्ही सॅमनच्या कारखान्यात. रविवारी दुप्पट पगार.
बैलही उरलेत कुठे, खरं सांगायचं तर;
ते विकून फ्रीज आले.
मी कोणाला काय बोलू? माझ्याही घरात आहे,
रात्री घरघरतो गोठ्यातल्यासारखा.

संध्याकाळी आमची बस परतली
तेव्हा घर उतारावर होतं, खिडकीत दिवा.
आम्ही बसमधूनच हात केला. दमलो होतो.
नंतर कधीतरी, काळोखात,
ते डांबरी रस्त्यावर आलं
आणि मधोमध बसलं.

सोमवारी पहाटे पाचला
बस नोल्बेर्ताच्या स्वयंपाकघरासमोर थांबली.
आत धूर, पडदे लावलेले.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला. घराला.
मग उतरलो. गमबूट पिशव्यांत,
चिमट्यानं माशांचे काटे उपसून सुजलेली बोटं,
त्याच बोटांनी दोर धरला.
कोणीतरी आरोळी दिली, जुनी,
बापांच्या घशातली,
आणि घर हललं.
नऊ पावलं. दहा.
बस जाण्यापुरतं.
तेवढ्यावर दोर टाकून आम्ही आपापल्या सीटवर.
एलिसेओ मोबाइलवर शूट करत होता.

घर तिथेच आहे अजून, चराच्या काठाला,
समुद्राकडे असायचं ते दार रस्त्याकडे.
नोल्बेर्ता खिडकीतून पाव विकते, उकडलेली अंडी.
'उधार नाही' अशी पाटी आहे.
पाटीचा उ उलटा लिहिलाय.

माझ्या पगारातून सदतीस मिनिटं कापली.
कुठेतरी बोलले असेन मी.
मार्चमध्ये, बटाटे काढायच्या दिवसांत,
रोसामेल कुदळ घेऊन बांधावर उभा.
सदतीस ना? म्हणाला. झाली की सांग.
त्याच्याकडे घड्याळ नाही.

बटाटे जांभळे निघाले, टोकाकडचे थोडे किडके.
दुसरी सरी संपत आली तेव्हा
मी मोबाइल काढून पाहिला,
परत खिशात टाकला,
आणि म्हटलं, आहेत अजून थोडी.