धडा

खोली नंबर चौदा, औषधभांडार, लातूर.
कूलर कोरडा. नळाला पाणी दहाव्या दिवशी.
मी टेबलावर पांढऱ्या डब्या मांडते आहे,
एकशे एक ते एकशे ऐंशी.
काहींत सांधेदुखीची जुनी गोळी,
काहींत नुसता मक्याचा स्टार्च.
कशात काय, मला माहीत नाही.
डॉक्टर बिराजदारांना माहीत नाही.
माहीत आहे ते एका यादीला,
आणि ती यादी दुसऱ्या शहरात, कुलपात.

बाहेर मात्र सगळ्यांना माहीत होतं.
टीव्हीला, औशाच्या मेडिकलवाल्याला,
माझ्या नणदेच्या व्हॉट्सॲपला:
हीच गोळी लागू पडते.
आठ दिवसांत गंजगोलाईत एक पट्टी उरली नाही.
आणि खिडकीशी खैरुन्निसाबी,
अकरा वर्षं दर पाच तारखेला येणारी,
रुमालाची गाठ दातांनी सोडत म्हणाली,
"सुबू कू उंगल्यां खुलते नै, मॅडम.
मेरी गोली कौन खा रा?"
मी रजिस्टरात लिहिलं: साठा निरंक.

एकशे सतरा नंबरचे बस्वणप्पा बिडवे,
वय एकोणसाठ, मार्केट यार्डात मापाडी.
संमतीपत्राची सात पानं डॉक्टरांनी वाचून दाखवली.
मुलगा मधेच म्हणाला,
"चिठ्ठीबिठ्ठी नको. खरी गोळी द्या. पैसे भरतो."
अप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.
"काय तोलूलालाव तुमी?"
गोळी, मी म्हणाले. एका पारड्यात गोळी घेणारे,
दुसऱ्यात न घेणारे.
"दोनी पारडी रिकामी असताना सारखी हायती का?
आदी धडा केलाव का?"

चाळीस स्लाइड्सचं प्रशिक्षण झालं होतं आमचं.
एवढं नेमकं त्यात कुणी विचारलं नव्हतं.
केलाय, मी म्हणाले. त्यासाठीच तर चिठ्ठी.
कुणाला कुठं बसवायचं, ते आमच्या हातात नाही.
"मंग घाला माल,"
म्हणाले, आणि सही केली,
ब चा पोट फुगवलेला, बाकी अक्षरं धाप लागल्यासारखी.

आता हे मी कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नाही.
त्यांचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेला त्या रात्री
मी एकशे सतराची डबी उघडली.
एक गोळी जिभेच्या टोकाला लावली.
कडू.
जीव भांड्यात पडला.
मग, का कोण जाणे, एकशे अठराचीही उघडली.
कडू.
एकशे एकोणीस. कडूच.
बनवणाऱ्याने कडूपणाचासुद्धा धडा केला होता.
मी नळाखाली तोंड धरलं आणि नळाला पाणी नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे अप्पा गेले.
अहवालात त्यासाठी एक चौकोन असतो,
त्यात बरोबरची खूण करायची.

पुढच्या मार्चमध्ये कुलूप उघडलं.
सहा दवाखान्यांची बेरीज, दोन रकाने,
खाली दोन शब्द: फरक नाही.
टीव्हीवर आलं नाही.
टीव्ही तोवर दुसऱ्या गोळीवर गेला होता.

मुलगा आला. यार्डात आता तो अप्पांच्या जागी.
चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला.
"अप्पाला खरी होती का?"
खरी होती.
तो बाकावर बसला. वर्षभर त्याला वाटत होतं,
आपल्या बापाची गोळी दुसऱ्या कुणाला गेली.
"आन दुसऱ्या डबीत?"
पीठ. मक्याचं.
"ते खाऊन वाचले?"
काही वाचले. काही गेले.
"किती गेले?"
जवळजवळ तितकेच.
"तितकेच," तो म्हणाला,
काटा थांबेपर्यंत थांबतात तसा थांबून.
मग विचारलं, "मंग ती गोळी आता कुणाला?"

खिडकीशी खैरुन्निसाबी उभी होती. तारीख पाच.
ओंजळ पुढे, बोटं अर्धीच उघडलेली.
मी पट्ट्या मोजायला घेतल्या
आणि तोंडून एक निघालंच नाही,
यार्डात पहिल्या मापाला म्हणतात तसं निघालं:
लाभ.
दोन.
तीन.