सत्तावीस नंबर

नकाशा चार कागदांचा,
माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात मोठा केलेला,
मध्ये सेलोटेप.
गल्ल्यांची नावं कुठल्या लिपीत घालायची
यावर पहिली बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली,
चहा दोनदा झाला.
शेवटी इराप्पा मास्तर म्हणाले, आकडे घाला.
मग वडगाव, खासबाग, नाल्याकाठची शेतवड,
सगळं मिळून एक ते त्रेचाळीस.

सातेरी पाण्याच्या टाकीवर बसतो, एक सेट घेऊन.
दुसरा माझ्याकडे.
कोपऱ्यावर थांबायचं, बटण दाबायचं,
एक श्वास जाऊ द्यायचा आणि मग बोलायचं,
नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
"टाकी, टाकी, मी अकरावर. ऐकू येऊलंय काय?"
"येऊलंय. स्वच्छ."
हिरवा ठिपका.

बारावर सातेरी विचारतो,
"तुझ्यामागं पाऊस पडूलाय काय गं?"
पाऊस नव्हे रे, माग आहेत.
साड्या पडूलायत.

चौदावर निंगव्वा दारात.
"एन माडाकत्तीरी?"
आवाज कुठवर जातो ते बघतोय, म्हटलं.
तिनं सेट हातात घेतला, उलटासुलटा केला,
बटण न दाबताच मुलाला हाक मारली.
तो गोव्याला हॉटेलात असतो.
थोडा वेळ कानाला लावून उभी राहिली,
मग परत दिला.
चौदा हिरवाच आहे, तसं मी लिहिलं.

रेल्वेपुलाखाली पिवळा.
"पाणी"मधला "पा" पोचतो, "णी" राहतो.
म्हणून ठरलं, कामाचा शब्द तीनदा म्हणायचा.
एकटीच पुलाखाली पाणी पाणी पाणी करत होते,
एका रिक्षावाल्यानं बाटली पुढं केली.

आणि सत्तावीस.
बळ्ळारी नाल्याच्या कडेला, पत्र्याच्या गोदामामागं तीन घरं.
टाकी, टाकी.
नुसती खरखर.
दोन पावलं डावीकडे. धुण्याच्या दगडावर चढून.
हात उंच करून.
तेवढीच खरखर.

तिसऱ्या घरात लुमाण्णा, बाजेवर.
दोन्ही गुडघे गेलेले, नजर शाबूत.
माझे उंच हात तो केव्हाचा बघत असणार.
म्हणाला, मला विचारायचंस की.
हितनं ओरडलं की चिंचेपर्यंत जातंय.
वारं नाल्याकडनं असलं तर पंपापर्यंत.
रात्री माग थांबल्यावर आणि थोडं पुढं, पण कुत्री भुंकत्यात.
त्या वर्षी पाणी बाजेखाली आलं,
फोन मेलेले,
तेव्हा एकेक करून सगळं बघून झालंय माझं.
ताट वाजवलं. ताट ओरडण्याहून कमी जातं.

पुढचं त्यानं सांगितलं नाही.
मी वहीत लिहिलं: चिंच. पंप. ताट नको.

चिंचेखाली जाऊन बटण दाबलं.
"येऊलंय. स्वच्छ. कुठं होतीस एवढा वेळ?"

शेजारच्या अफसानाला सेट दिला. अकरावीत आहे,
एकदा सांगितलं की पुरे.
ती चिंचेखाली, मी बाजेपाशी.
हां, म्हणा, म्हटलं.
काय म्हणू?
जे म्हणायचं असेल ते.

एप्रिल. नाल्यात टीचभर काळं पाणी,
त्यात एक प्लास्टिकची खुर्ची.
लुमाण्णानं छाती भरून घेतली.
"पाणी जोत्याला लागलंय!"
अफसानानं तेच उचललं, तीनदा, न हसता.
टाकीवरून नियमाप्रमाणे आलं, "समजलं."
मग, अफसाना सांगते,
थोड्या वेळानं नियम सोडून,
"खरंच काय?"

दुकानात संध्याकाळी रंग भरायला बसले.
सत्तावीस नेमका सेलोटेपखाली.
लाल लावला, पुसला गेला. हिरवा, तोही.
कंपासच्या टोकानं ओरखडून लिहिलं, चिंच.
मराठीतच.
दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बोटानं चाचपून वाचलं,
खाली कन्नडमध्ये ओरखडलं, हुणसेमर,
आणि चहा मागवला.

अजून सोळा नंबर बाकी.
सेटच्या बॅटरीची एकच काडी उरली होती.