शोधा आणि बदला

दुपारी नेमगोंडा आला, खासदारांचा पीए.
हेल्मेट काउंटरवर, घाम तसाच.
"मालनताई, भाषण हाय. पुराच्या विधेयकावरचं.
साहेब यंदा मराठीतच बोलणार सभागृहात,
इकडं क्लिपा बऱ्या चालतात."

मी टाइप केलं. चार पानं.
माझ्या सांगलीकरांच्या गळ्यापर्यंत आलेलं पाणी,
आयर्विन पुलाखालून वाहून गेलेले संसार,
पत्र्यावर तीन रात्री काढलेली बाळंतीण –
"ही कुठली ओ?"
"असती की कुठलीतरी."
आणि शेवटी ठळक अक्षरात :
म्हणून मी या विधेयकाचं समर्थन करतो.

चारला फोन आला. तो बाहेर जाऊन बोलला,
शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांत निम्मंच ऐकू आलं.
बैठक. व्हीप. वरनं अजून ठरंना.
आत आला. "विरोधाचंबी एक करून ठेवा."
"सगळं नवीन?"
"छे. पाणी तेवढंच ऱ्हाऊ दे."

शोधा : समर्थन.
बदला : विरोध.
सतरा ठिकाणी बदल झाला, संगणक म्हणाला.
बाळंतीण पत्र्यावर होती तिथंच राहिली,
बाजू बदलल्याचं तिला कुणी सांगितलं नाही.

साडेसहाला परत फोन.
ह्यावेळी तो बाहेरसुद्धा गेला नाही.
"पयल्यासारखं करा."
पहिली फाइल मी पुसून टाकली होती, मूर्खासारखी.
मग उलटं :
शोधा, विरोध. बदला, समर्थन.
अठरा ठिकाणी बदल झाला.

अठरा? मघाशी सतरा होते.
अठरावा कुठला ते बघणार तेवढ्यात लाइट गेली,
यूपीएस कोकलायला लागला,
आणि नेमगोंडानं पेनड्राइव्ह काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या भडंगवाल्याकडं टीव्ही.
गिऱ्हाइकं, हमाल, मी, सगळे माना वर करून.
इकडच्या बाकांनी फलक काढले,
तिकडच्यांनी ते फाडायची वाट बघितली,
मग फाडले.
अध्यक्ष म्हणत होते बसा, बसा,
बसलेलेही उठून बसा म्हणत होते.
आमचे साहेब मधल्या वाटेत उभे, हातात माझी पानं,
एक पाय बाकाकडं, एक दाराकडं.
दाराकडचा जिंकला. सभात्याग.
"ह्यापेक्षा आपल्या भावे मंदिरात
एंट्री-एक्झिट तरी वेळेवर असत्या,"
म्हातारा कोष्टी म्हणाला, आणि पाव किलो तिखट भडंग मागितलं.

संध्याकाळी नेमगोंडा खुशीत.
"भाषण पटलावर ठेवलं."
"म्हणजे वाचलं नाही?"
"ठेवलं म्हंजे बोलल्यागतच. छापून येतंय."

रात्री फाइल उघडली. पान तीन, ओळ सहा :
माझे मित्र, सन्माननीय समर्थनी पक्षनेते…
असा शब्द मराठीत नाही.
आता आहे. दिल्लीत, कापडी बांधणीत,
जिथं कृष्णामाईचं पाणी पोचत नाही.
आठ दिवस मी वाट बघितली.
कुणीतरी वाचेल, कुणाचा तरी फोन येईल,
समर्थनीवाल्यांचा, नाहीतर विरोधीवाल्यांचा.

माझ्या दुकानात कीबोर्डच्या वर दीड हात
भिंतीवर एक मातकट रेघ आहे.
दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा वर आली.
तिच्या खालीच आता मॉनिटरची वायर चिकटवलीय.

नवव्या दिवशी नेमगोंडा फ्लेक्सचा मजकूर घेऊन :
पूरग्रस्तांसाठी संसदेत आवाज उठविल्याबद्दल
साहेबांचे हार्दिक अभिनंदन.
दहा बाय वीस. बाळंतिणीचा एखादा फोटो मिळाला तर बघा.
"आणि भोकं जरा वरच्या अंगाला पाडा ताई,
उंच लावायचाय. पावसाळा तोंडावर हाय."

मी मागची बाकी काढली.
चार पानं, तीन वेळा. बारा पानांचे पैसे.

तो माझ्याकडं बघत राहिला, खरोखर न कळून.
"तीन वेळचे कसले?
मजकूर तर एकच हाय की."